उन्हाकडचं दार

आबा,

ह्या माणसांनी अर्ध्या जगाला वळसा घालून आपलं अख्खं गाव इथे आणलं. गावाचं नाव आणलं, चर्चचा नकाशा आणला, घंटा आणली, गुलाबाच्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या. फक्त इथे ऊन कुठल्या बाजूने येतं ते बघायचं राहून गेलं. तुम्ही असता तर पहिल्याच दिवशी चपला काढून भिंतीला तळहात लावला असता आणि मिशीत हसला असता. मी तेच केलं. हसलोसुद्धा, आणि त्या हसण्यातून पुढे जे रामायण झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. कालपासून हात नुसते शिवशिवतायत. तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि मला नववी सोडल्यापासून चार ओळींच्या पुढे लिहायची वेळ आलेली नाही, तेव्हा आपली जोडी बरी जमली म्हणायची.

आधी मी कुठे आहे ते सांगतो. तुम्ही गेलात तेव्हा मी सोळाचा होतो, आता तिशीला टेकलो. मधल्या काळात मी एका जागी टिकलो नाही, हे तुम्हाला सांगायला नकोच. हायवेच्या पुलावर होतो, पुण्यात फरश्या बसवल्या, दुबईला तीन वर्षं उन्हात भाजून निघालो, आणि तिथून एका एजंटाच्या नादाने न्यूझीलंडला आलो. पहिला हिवाळा ऑकलंडला काढला, न्यू लिनमध्ये एका गॅरेजच्या वरच्या खोलीत. तिथे माझी पहिली फजिती झाली. खोलीला दोन बाजूंनी गॅलरी. आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो हे डोक्यात पक्कं, म्हणून मी कपडे दक्षिणेच्या गॅलरीत वाळत घातले. तीन दिवस झाले तरी पँट पिळली की पाणी. खाली कोपऱ्यावर डेअरी होती. इथे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला डेअरी म्हणतात, दूध कमी आणि चॉकलेटं जास्त. तिथल्या गुजराती काकांना मी म्हटलं, ह्या देशात कपडे वाळतच नाहीत का हो? ते गल्ल्यावरून उठून बाहेर आले, वर बघितलं आणि पोट धरून हसले. म्हणाले, "अरे भाई, यहाँ सूरज उत्तर में चलता है. कपडे उधर डालो, नहीं तो चड्डी पे मशरूम उगेगा." आबा, मी खोटं सांगत नाही. ह्या देशात दुपारी बारा वाजता सूर्य उत्तरेला असतो. दक्षिणेकडून येतो तो वारा, आणि तो थेट बर्फावरूनच येतो.

आता मी वेलिंग्टनजवळ जॉन्सनव्हिलला राहतो, पुण्याच्या एका जोडप्याच्या घरी खोली घेऊन. दादा कॉम्प्युटरमध्ये आहेत, वहिनी बँकेत. त्यांची सात वर्षांची पोर मला काका म्हणते, मी मराठीत बोलतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आमचं भांडणसुद्धा असंच दोन भाषांत चालतं. काम दगडाचंच आहे. बॉस आणि मी, दोघंच. बॉस साठीचा गोरा माणूस, बोलतो कमी, आणि दगडाला हात लावताना तुमच्यासारखाच आधी हातोडीने वाजवून आवाज ऐकतो. ह्या देशात जमीन सारखी हलते, म्हणून दगडाच्या जुन्या इमारती एक तर आतून लोखंडाने आवळायच्या, नाही तर कुलूप लावायचं असा कायदा आहे. आमचं पोट त्यावर चालतं. आणि हे ऐका, धुळीचा मास्क तोंडाला घट्ट बसावा म्हणून इथे मला दाढी ठेवायची परवानगी नाही. कामावर घेतलं त्याच दिवशी एका बाईने मास्क चढवून मला वाकायला, बोलायला, जागच्या जागी पळायला लावलं, आणि धूळ आत जात नाही हे यंत्रावर तपासलं. तुम्ही तोंडाला उपरण्याचा शेव बांधायचात. शेवटची दोन वर्षं तुम्ही भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायचात, आडवं झालं की खोकला. त्या बाईने सगळं ठीक आहे म्हणून अंगठा वर केला तेव्हा मी मास्क लवकर काढला नाही. डोळे भरून आले होते, त्याचं तिला काय सांगणार?

तर ते गाव. जॉन्सनव्हिलहून गाडीने दीड तास, डोंगर ओलांडून. गाव म्हणजे काय, एक रस्ता, एक शाळा, मेंढ्यांची कुरणं आणि मधोमध हे चर्च. इथली बहुतेक चर्चं लाकडाची, पण हे दगडाचं. दक्षिणेच्या भिंतीला मुख्य दार आणि दारापुढे दगडी देवडी, आपल्याकडे वाड्याच्या दाराला असते तशी, दोन्ही बाजूंना बसायला बाक. आमचं काम असं की देवडीचा एकेक दगड उतरवायचा, त्यावर खडूने नंबर घालायचा, आतून लोखंडी चौकट उभी करायची आणि दगड परत जसेच्या तसे, जिथल्या तिथे बसवायचे. पहिल्या दिवशी मी देवडीला हात लावला आणि हात ओला झाला. पाऊस होऊन आठवडा झाला होता. दगडाचे पापुद्रे सुटलेले, सांध्यांत हिरवं शेवाळ, आणि त्यावर कुणीतरी शहाण्याने सिमेंट थापलेलं, म्हणजे आतलं पाणी आतच. मी वळसा घालून उत्तरेच्या भिंतीला गेलो. तोच दगड, तोच चुना, पण सुका, खणखणीत, आणि असा ऊबदार की मांजर येऊन पाठ घासेल. त्या भिंतीला दार नव्हतं.

असं का, हे मला एका बाईंनी सांगितलं, पण त्यांना ते सांगायचं नव्हतं. बाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या, काटक, पायात गमबूट, चर्चच्या किल्ल्या त्यांच्याकडे. रोज दहा वाजता आमच्या चहाच्या सुट्टीला, इथे स्मोको म्हणतात, त्या चर्चशेजारच्या हॉलच्या स्वयंपाकघरात किटली चढवून बसायच्या. त्यांनी गावाचा इतिहास लिहिलाय, चाळीस पानांची पुस्तिका. मला इंग्रजी वाचायला वेळ लागतो हे दोन दिवसांत त्यांच्या लक्षात आलं, तर त्या मला वाचून दाखवायला लागल्या. आणि आबा, मी शाळेत इतिहासाच्या तासाला खिडकीतून उडी मारून जायचो, पण ह्या बाईंच्या टेबलावर मी चहा गार करून ऐकत बसलो.

इंग्लंडात ह्यांचं मूळ गाव आहे, तिथे पण एक ओढा, एक पाणचक्की, मधोमध चर्च. चर्चच्या हद्दीत जेवढी घरं तेवढं ते गाव, त्याला पॅरिश म्हणतात. जन्म, लग्न, मरण सगळं एकाच वहीत. आणि वर्षातून एकदा अख्खं गाव पाद्र्याबरोबर शिवेवरून चालत जायचं. शिवेचा दगड आला की पोरांना पकडून उताणं धरायचे आणि दगडावर आपटायचे! का, तर म्हातारपणीसुद्धा शीव कुठे होती ते विसरायला नको. मी एवढा हसलो की चहाबरोबरचा स्कोन, म्हणजे इथला जाड गोडसर पाव, घशात अडकला. म्हटलं, बाई, आमच्याकडे शिवेवरून डोकी फुटतात, पण मोठ्यांची. गायरान पण होतं त्यांचं, सगळ्यांची गुरं चरायची. मग जमीनदाराने सगळ्याला कुंपण घातलं. ज्याची एक गाय होती त्याला ती कुठे चारावी कळेना. अशी वीस-पंचवीस घरं पाद्र्याच्या धाकट्या भावाबरोबर बोटीत बसली. तो भाऊ इथला पहिला पाद्री. निघायच्या आधी त्याने गावचं चर्च दोरीने मोजून कागदावर उतरवलं. ह्या जमिनीचं आधीचं नाव आणि आधीची माणसं पुस्तिकेत एका ओळीत आहेत. ती ओळ वाचून बाईंनी तिच्यावर बोट ठेवलं. म्हणाल्या, "ही ओळ फार छोटी झाली, मला माहीत आहे."

आणि देवडी? त्या गावात देवडी दक्षिणेला, कारण तिथे दक्षिणेला ऊन. देवडीच्या बाकावर बसून सौदे व्हायचे, नोटिसा लागायच्या, गरिबांसाठी रविवारी पाव ठेवलेले असायचे. उत्तरेला सावली, ओल, म्हणून तिकडे गावातल्या कुणाला पुरायचे नाहीत, ती जागा परक्यांची, नाव न ठेवलेल्या बाळांची. बाईंनी हे वाचलं आणि मी पेला खाली ठेवला. माझ्या डोळ्यांपुढे न्यू लिनची गॅलरी आणि माझी ओली पँट आली! ही माणसं उतरली, पाद्र्याने कागद उघडला, देवडी दक्षिणेला म्हणजे दक्षिणेला. इथे दक्षिणेला वारा. मग उत्तरेच्या भिंतीला दार नाही, आणि तिथल्या उन्हात कोण झोपलंय, तर नदीत बुडालेला एक गुराखी, एक चिनी माळी आणि बिननावाची लेकरं. सगळ्यात छान जागा परक्यांना दिली आणि आपण स्वतः दीडशे वर्षं कुडकुडत आत जातायत.

हे मी आधी बॉसला सांगितलं. तो देवडीचा दगड उतरवत होता. वर न बघता म्हणाला, "मेट, आपल्याला देवडी उचलून परत ठेवायला बोलावलंय."

"पण वीस वर्षांत परत कुजेल ना."

"मग वीस वर्षांनी परत बोलावतील. तो दगड धर."

आबा, मला तुमचाच आवाज ऐकू आला. मी पंधराचा असेन. आपण एका गावात पाट्या-जात्यांना टाकी घालत फिरत होतो, आणि एका घरी तुम्ही उंबऱ्याबाहेर बसून जातं टाकवत होता. मी त्या घरच्या कारभाऱ्याला सांगितलं की तुमची नवी भिंत उलटी बांधलीय, मऊ दगड पावसाच्या तोंडाला दिलाय, पोट बाहेर आणि पाठ आत. खरं होतं ते, तुम्हीच तर शिकवलं होतं, भिंतीला पाठ आणि पोट असतं, पाठ पावसाला द्यायची, पोट उन्हाला. पण कारभारी भडकला, आणि तुम्ही सगळ्यांदेखत मला झापलं, "आरं, जात्याला टाकी घालाया बोलिवलंय आपल्याला, भिताडाला न्हाई. तोंड मिट." त्या दिवशी मजुरी देताना त्यांनी पैसे हातात न देता उंबऱ्याच्या बाहेर ठेवले. पण पुढच्या बाजारात तुम्ही मला हिरव्या काचेचा प्लॅस्टिकचा चष्मा घेतला, दगडाची कपची डोळ्यात जाऊ नये म्हणून. स्वतः आयुष्यभर डोळे किलकिले करूनच काम केलंत. मी तो चष्मा घालून हिरोसारखा गावभर फिरलो.

तोंड मिटणं मला तेव्हाही जमलं नाही, आताही नाही. दुसऱ्या दिवशी चहाला मी बाईंना सरळ म्हटलं, देवडी चुकीच्या बाजूला आहे, दार उत्तरेला पाहिजे. त्यांनी किटली ठेवली. "तरुण माणसा," असं म्हणाल्या, आणि इथे कुणी असं म्हटलं की समजावं आपली काही खैर नाही, "माझी आई ह्या देवडीतून नवरी होऊन आत गेली आणि ह्याच देवडीतून तिला बाहेर नेलं. तू इथे तीन आठवडे आहेस." पेले विसळले आणि निघून गेल्या. तासाभरात बॉसला कमिटीतून फोन. बॉसने फोन खिशात टाकला आणि माझ्याकडे बघितलं. माझा व्हिसा बॉसच्या कामावर आहे हे त्यालाही माहीत, मलाही. म्हणाला, "रविवारी प्रार्थनेनंतर मीटिंग आहे. देवडी आपणच परत बांधायची की काम दुसऱ्याला द्यायचं, ते ठरवतील. तुझ्यामुळे."

तुम्हाला वाटेल मी घाबरलो. घाबरलो होतो, पण त्याहून जास्त मला ते दार दिसायला लागलं होतं. उत्तरेच्या भिंतीत, तिसऱ्या खिडकीच्या जागी, दगडी कमान. कुठल्या दगडाला किती उतार द्यायचा ते मी गाडीत, आंघोळीत, पोळी तोडताना मोजत होतो. दादा म्हणाले, "काय रे, प्रेमात पडलास की काय?" मी म्हटलं, हो, भिंतीच्या. आजवर मी दुसऱ्याने काढलेल्या रेषेवर दगड ठेवत आलो. हे एक दार मला बांधायला मिळालं पाहिजे, नाही तर मी कुठेतरी परत फरश्या बसवत म्हातारा होईन, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं.

शुक्रवारी बाई आल्या. चहा नाही, काही नाही. म्हणाल्या, "दाखव." मी त्यांना आत नेलं. तुम्ही करायचात तेच केलं, दुसरं मला येतं तरी काय? दक्षिणेच्या भिंतीला त्यांचा तळहात टेकवला आणि म्हटलं, मी सांगेपर्यंत काढू नका. हाताची शीर न् शीर गार पडली असेल, पण काढला नाही. मग उत्तरेच्या भिंतीकडे नेलं, तिथे टेकवला. बाहेर ऊन होतं, दोन हात जाडीच्या भिंतीतून ते आत झिरपलेलं. बाईंनी दुसराही तळहात टेकवला. मग हात न काढताच म्हणाल्या, "मला माहीत होतं."

त्यांनी मला मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटातून एक वही काढून दाखवली. चामड्याची, पानं चहाच्या रंगाची. कमिटीच्या पहिल्या वर्षांची नोंद. बाईंनी वाचलं. चर्च बांधून चारच वर्षं झाली होती, गावातल्या अकरा बायकांनी अर्ज दिला की लेकरं बाप्तिस्म्याला आणताना गारठतात, तर उत्तरेला एक दार पाडावं, दगड आमचे नवरे आणून देतील. खाली पाद्र्याचं उत्तर होतं, एवढंच, घरी जसं आहे तसंच राहील.

"हे तुमच्या पुस्तिकेत नाही," मी म्हटलं.

"नाही. चाळीस वर्षांपूर्वी वाचलं मी. त्या अकरांत माझी पणजी आहे. मी ते पान गाळलं."

"का?"

"कारण आम्ही मूर्ख दिसलो असतो," बाई म्हणाल्या. मग वही मिटत म्हणाल्या, "आणि मी एकदा ते मूळ गाव बघायला गेले होते. त्यांच्या देवडीत बसले. काय ऊन होतं! मी तिथे बसून रडले, आणि लोकांना वाटलं आनंदाने."

रविवारी मी हॉलच्या मागच्या बाजूला उभा होतो, बूट पुसून. पंधरा-वीस माणसं, सगळी पांढऱ्या केसांची. बाईंनीच उत्तरेच्या दाराचा विषय काढला. मेंढ्यांवाला एक म्हातारा उठला आणि म्हणाला, "मला ह्याच दारातून बाप्तिस्म्याला आणलं. तेव्हापासून माझं बूड गरम झालेलं नाही." हशा. एक बाई म्हणाली, "आणि माझ्या लग्नातला जाळीचा पदर? वाऱ्याने नेला तो अजून तुझ्याच कुरणात असेल." पण टाय लावलेले एक गृहस्थ कडक होते. म्हणाले, "पूर्वजांनी केलं ते विचार करूनच केलं. एका गवंड्याच्या सांगण्यावरून दीडशे वर्षं बदलायची?" तेव्हा बाई उठल्या. माझ्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. वही उघडली आणि ती अकरा नावं एकेक करून वाचली. हॉलमधल्या प्रत्येकाची कुणीतरी त्यात होती. टायवाल्यांचीही. नाव ऐकल्यावर ते खाली बसले. मेंढ्यांवाला हळूच म्हणाला, "बघ, तुझी पणजी पण कुडकुडत होती." हात वर करायला सांगितले. मी मोजले नाहीत, मला मोजताच येईनात, पण बॉसने बाजूला वाकून म्हटलं, "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत झकास, "बोललास खरा. आता बांध."

देवडी राहणार, पण तिचं दार बंद, सिमेंट खरवडून चुन्यात नीट करायची, म्हणजे तिला श्वास घेता येईल. नवं दार उत्तरेला. इंजिनिअरने आत लोखंडी चौकट दिली, बाहेरची कमान माझी. आबा, ते सात आठवडे! सकाळी सहाला मी बॉसच्या दारात उभा. तो म्हणायचा, "तुला झोप येत नाही का?" लाकडाचा साचा केला, दोन्ही बाजूंनी दगड चढवत आणले, प्रत्येक दगड आधी वाजवून. एक दगड बद्द वाजला तर बॉस म्हणाला चालेल, मी म्हटलं नाही चालणार, आणि त्याने मुकाट्याने दुसरा आणून दिला. आपण त्या बारवेची पडकी कमान दुरुस्त केली होती, तेव्हा मधला शेवटचा दगड तुम्ही मला उतरवायला दिला होता आणि तुमचा हात खाली, साच्याला लावलेला, मी चुकलो तर पहिला तुमचाच हात चेंगरला असता. इथे मधला दगड मी उतरवला तेव्हा खाली बॉसचा हात होता. त्याने आपणहून लावला. साचा काढला आणि कमान केसभरही हलली नाही. मी वर चढून तिच्यावर उड्या मारल्या. बॉस ओरडला, खाली उतर, येड्या. वाट करताना उत्तरेच्या त्या परक्या थडग्यांना मधे आणलं नाही, वळसा घातला, त्यामुळे आता आत जाणारा प्रत्येकजण आधी त्या गुराख्याजवळून, चिनी माळ्याजवळून, लेकरांजवळून जातो. बाईंनी तिथे बाक ठेवलाय. मूळ गावच्या देवडीत असतो तसा.

काल दार उघडलं. हिवाळा आहे इथे, पण आभाळ निळंशार. दादा, वहिनी, पोर, सगळी आली. दादा सगळ्यांना "किया ओरा" म्हणत हात मिळवत होते, जसं काही त्यांच्याच घरचं कार्य. घंटा झाली, दार उघडलं आणि ऊन थेट आतल्या फरशीवर पसरलं, पार बाप्तिस्म्याच्या कुंडापर्यंत. मेंढ्यांवाला म्हातारा दारात थांबला, मागची माणसं खोळंबली तरी हलेना. पोर मला म्हणाली, "Kaka, you made a sun door." मी तिला म्हटलं, मराठीत सांग. ती म्हणाली, "No." मी एवढा खूश होतो की तेही मला गोड लागलं.

आणि मग चहाला बाई वही-पेन्सिल घेऊन माझ्यासमोर बसल्या. पुस्तिकेत नवं पान येतंय, त्या अकराजणींचं आणि दाराचं. माझं नाव लिहून घेतलं, दोनदा स्पेलिंग विचारलं. मग विचारलं, "भिंतीला हात लावून बघायचं, हे तुला कुणी शिकवलं?" दादा-वहिनी शेजारीच उभे, हातात कप. आबा, मी दादांना दोन वर्षांपूर्वी सांगितलंय की माझे वडील बिल्डिंग कॉन्ट्रॅक्टर होते. खोली भाड्याने घेताना त्यांनी सहज विचारलं होतं, आणि मला त्या स्वच्छ स्वयंपाकघरात उभं राहून, माझा बाप लोकांच्या उंबऱ्याबाहेर बसून पाट्यांना टाकी घालायचा, असं म्हणवलं नाही. तर मी बाईंना म्हटलं, "कुणी नाही. मीच शिकलो, बघून बघून." त्यांनी कौतुकाने मान हलवली आणि ते तसंच लिहून घेतलं. दादांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

पान गुरुवारी छापायला जाणार आहे. आज सोमवार. बाईंचा नंबर माझ्याकडे आहे, आणि त्या फोन दुसऱ्या रिंगला उचलतात. सकाळपासून मी चार वेळा फोन हातात घेतला आणि दर वेळी खाली ठेवून हे पुढे लिहीत बसलो. जे त्यांना सांगायचंय, ते मी तुम्हाला सांगतोय.